व्रॉन्गोखहून आजोबांना पत्र

व्रॉन्गोख, उत्तर वेल्स

तीर्थरूप आजोबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विचारलंत ना, तिथं बघण्यासारखं काय आहे म्हणून? गाव म्हणाल तर थोडी घरं, शाळा आणि मेंढ्याच मेंढ्या. शाळेच्या जागी पूर्वी व्हिस्कीची भट्टी होती. ती बंद पडली, आणि 1916 मध्ये डब्लिनमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावानंतर सुमारे 1800 आयरिश कैदी तिथं आणून कोंडले. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी झालेला मायकेल कॉलिन्स त्यांतलाच. सरकारनं स्वखर्चानं बंडखोरांचं शिबिर भरवलं म्हणायचं!

पण तुम्हाला सांगायचंय ते जरा वरच्या धरणाचं. ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव होतं. इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. इथल्या कौन्सिलांची परवानगी मागावी लागू नये म्हणून त्यांनी 1957 मध्ये थेट लंडनच्या संसदेतून कायदाच करून घेतला. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानंही बाजूनं मत दिलं नाही, तरी झाला. त्याआधी गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलला मोर्चा घेऊन जाऊन आले होते. शेवटी पोस्ट, शाळा, प्रार्थनामंदिर, शेतं, सगळं गेलं. 67 माणसांतल्या 48 जणांची घरं गेली. दफनभूमीतले आठ मृतदेह हलवले, बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. 1965 च्या उद्घाटनात लोकांनी मायक्रोफोनच्या तारा कापल्या आणि समारंभ तीन मिनिटांत आटपला. इथं तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. तुमचं कोयनेचं पाणी चढलं तेही त्याच दशकात ना?

लिव्हरपूलनं माफी मागितली, पण 2005 मध्ये.

धरणातून पाणी नदीतच सोडतात, ते डी नदीला मिळतं आणि खाली चेस्टरजवळ उचलतात. त्यामुळे भर उन्हाळ्यातही नदी खळाळत असते आणि रबरी होड्यांतून घसरायला लांबून लोक पैसे मोजून येतात. मला ते खटकतं. इथल्या पोरांना नाही. काहींचं पोट त्यावरच आहे.

शेजारच्या आजी बुडालेल्या एकेका शेताचं नाव घेतात. तुम्हीही आपल्या जुन्या वाडीतल्या शेतांची नावं सांगायचात, मला आता निम्मीही आठवत नाहीत. दादाला समोर बसवा आणि सगळी लिहून घ्यायला लावा. देऊळ कुठल्या अंगाला होतं, तेही.

आईला सांगा, मसाला पोचला. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मुक्ता