सोडा मशीन बघायला जातोयस, त्याआधी

सांगली
भाद्रपद

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी एका हॉटेलच्या डीप फ्रीजमध्ये अर्धा घुसलेलो होतो, म्हणून धड बोलणं झालं नाही. तसंही हे फोनवर सांगून भागणारं नाही. हे पत्र खिशात घाल आणि मगच मशीन बघायला जा.

फोटो बघितले. स्टीलची चकाचक बॉडी, रंगीत दिवे, काला खट्टा आणि जिरा मसाल्याची स्टिकरं. बंड्या, हे सगळं कुठलाही फॅब्रिकेटर नवं करून देतो. सेकंडहँड सोडा मशीन घेताना पैसे मोजायचे ते गारव्याचे. पाणी जितकं गार, तितका गॅस त्यात मुरतो. शून्य अंशाजवळच्या एक लिटर पाण्यात साध्या हवेच्या दाबाला साधारण 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, वीस अंशाच्या पाण्यात जेमतेम त्याच्या निम्मा. म्हणजे चिलिंग मेलेलं असेल तर सिलेंडर कितीही उघडलास तरी ग्लासात वर फेस आणि खाली गोडमिट्ट पाणी. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणून जायचं ते भर दुपारी, आणि मालकाला आदल्या दिवशीच बजावून ठेवायचं की मी आल्याशिवाय मशीन चालू करू नका. पोचलास की आधी गप्पा नकोत, मागची जाळी काढून कंप्रेसरवर हात ठेव. कोमट लागला तर तुझ्यासाठी सकाळपासून पाणी गार करून ठेवलंय असं समज आणि चहा पिऊन परत ये. थंड असेल तर तुझ्यासमोर सुरू करायला लाव. सुरू होताना नुसतं टक्-टक् करून पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर रिले किंवा कपॅसिटर गेला असेल असं मालक म्हणेल. असेलही. पण कंप्रेसरच जड झाला असला तरी आवाज तोच येतो. आपल्या ओळखीच्या वायरमनला टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) घेऊन बरोबर ने, किती अँपिअर ओढतोय ते नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघ.

गार व्हायला जो वेळ लागेल तो लागू दे. मग थर्मामीटर घाल आणि ग्लासामागून ग्लास काढत राहा, मध्ये श्वास घेऊ देऊ नकोस. पहिला ग्लास कुठल्याही मशीनचा गार येतो. विसाव्याचं तापमान लिहून घे. स्टँडवर एसटी लागली की एकदम पंधरा माणसं येतात, तेव्हा तुला तो विसावा ग्लासच विकायचाय. काढलेला सोडा वाया गेला म्हणून मालक कुरकुरला तर त्याचे पैसे दे, पण चाचणी अर्धी सोडू नकोस.

तेवढ्या वेळात तांब्याच्या नळ्यांचे सांधे बघ. सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली, तर तिथून कूलिंगचा गॅस जातोय. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही झिरपतं. 'आत्ताच गॅस भरलाय' हे वाक्य ऐकलंस की विचार, का भरावा लागला? बंद नळीतला गॅस वापरून संपत नसतो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. सोड्याचं पाणी आंबट असतं, ते तांबं-पितळ खातं. तसं तांबं उतरलेलं पाणी पोटात गेलं की मळमळ, उलट्या. म्हणून कार्बोनेटरच्या, म्हणजे पाण्यात गॅस मुरवणाऱ्या टाकीच्या, पुढे नोझलपर्यंत स्टील किंवा फूड ग्रेड नळीच हवी. कार्बोनेटरच्या अलीकडे पंप बऱ्याचदा पितळीच असतो, त्याला हरकत नाही, पण दोघांच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह शाबूत पाहिजे, नाहीतर सोडा उलटा पंपात येतो. कुणीतरी जुगाड करून फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा मध्ये जोडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तसं काही दिसलं तर आधी ती नळी बदलून मागायची, मग भावाचं बोलायचं.

सोड्याच्या गॅसची गळती काढायला साधी युक्ती आहे. दाब भरू दे, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद कर, मीटरच्या काट्याचा मोबाईलवर फोटो घे आणि अर्धा तास एकही ग्लास काढू नकोस. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय, मग साबणाचं पाणी लावून शोधायचं. सिलेंडर 'भरलेला' देतो म्हणाला तर सिलेंडरचा दाब दाखवणाऱ्या मोठ्या मीटरवर विसंबू नकोस. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर काटा जवळपास तिथंच राहतो, आणि संपत आला की झपकन पडतो. वजनकाट्यावर ठेव आणि खांद्यावर ठोकलेलं रिकाम्याचं वजन वजा कर. तिथंच चाचणीची तारीखही ठोकलेली असते. दर 5 वर्षांनी चाचणी लागते. तारीख उलटून गेलेला सिलेंडर फुकट दिला तरी नको.

नोझल खोलून बोट फिरव. काळा बुळबुळीत थर लागला तर मालकाने धुलाई केलेली नाही, आणि जो नोझल धूत नाही तो कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी, काय साफ करणार! तिकडं बोअरचं पाणी असेल तर टाकीत पांढरा क्षार बघ. बॉडीला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घेच. ओल्या हातांनी दिवसभर त्या स्टीलला टेकून उभं राहायचंय. तुझा गाळा तसा बंदिस्त आहे, आणि सोड्याचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. सिलेंडर कोपऱ्यात कोंडू नकोस, साखळीने भिंतीला बांध.

भावाचं म्हणशील तर घाई तुला नाही, त्याला आहे. सीझन संपलाय, गाळ्याचं भाडं चालू आहे. फाल्गुनात हाच माणूस ऐकणार नाही. पावती मात्र मशीनच्या नंबरासकट घे, आणि मूळ बिल असेल तर तेही.

कंप्रेसरच्या नेमप्लेटचा आणि कार्बोनेटरच्या जोडांचा जवळून फोटो पाठव. रविवारी मला सुट्टी आहे, तारीख जमली तर मीच टेस्टर घेऊन येतो, म्हणजे वायरमनचे पैसे वाचतील. वहिनींना नमस्कार सांग, आणि काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
सुऱ्या