मेथी घे, पण मोजून

खानापूर, रविवार

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

साखरेवर मेथी घेऊ का, असं विचारलंस. घे. पण आधी डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि गोळी मात्र सोडायची नाही. तुझी ग्लिमेपिराइडची गोळी मुळातच साखर खाली ओढते. वरून मेथी, त्यात जेवायला उशीर, की दरदरून घाम येतो, हात थरथरतात. अशा वेळी लगेच मोज. ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पी, १५ मिनिटांनी परत मोज. मीटर जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नकोस, साखर घे. साखरेची पुडी खिशात असू दे.

बेंगळुरूत दुकानदाराकडे मेथीचे दाणे मागताना कानडीत ‘मेंत्ये काळु’ म्हण. ‘सोप्पु’ म्हटलंस तर भाजीची पेंडी हातात देईल. भाजी आठवड्यातून दोनतीनदा खुशाल खा, ती जेवणच आहे. औषधासारखं मोजायचं ते दाण्यांना.

पहिला आठवडा अर्धा चमचा, मग एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. रात्री अर्ध्या पेल्यात भिजत घाल. सकाळी दाणे फुगून बुळबुळीत होतात. ती बुळबुळ म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथा. त्यामुळेच जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण त्याच बुळबुळीत औषधही अडकतं. तुझी गोळी नाश्त्याबरोबर असते, म्हणून भिजवलेली मेथी डब्यातून ने आणि दुपारच्या जेवणाआधी चावून खा. भिजवलेलं पाणीही फेकू नकोस, पिऊन टाक. कोरडे दाणे कधीच गिळू नकोस, घशात फुगतात. बाजारची पूड नको: शिगोशीग चमच्यात किती गेली ते कळत नाही आणि पोट बिघडतं. गॅस किंवा जुलाब झाले तर परत अर्ध्यावर ये. घामाला, लघवीला गोडसर वास येईल, त्याला घाबरू नकोस.

शेंगदाणा किंवा हरभरा ज्याच्या अंगावर उठतो त्याने मेथी जपून खावी, सगळी एकाच कुळातली. रक्त पातळ करणारी गोळी कुणाला चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाणे देऊ नकोस.

तुझ्याबरोबर सूनबाईने मात्र हे दाणे घ्यायचे नाहीत. पाचवा महिना आहे. भाजी, फोडणीतले चार दाणे चालतील, चमचाभर नाही. डिंक-मेथीचे लाडू बाळंतपणानंतर मी घेऊन येईन. तेही तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

तुझी आई