काळी चारवरून काळी दोनवर

प्रिय काकू,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

ईस्टरच्या उपासनेत मी पहिल्यांदा एकटीनं गायले. नंतर लोक हात मिळवत होते, कौतुक करत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र पेटीवरचा तुमचा उजवा हात होता.

आधीच्या गायनमंडळात सात वर्षं मागच्या रांगेत काढली. "आवाज पुरुषी आहे, तू नुसते ओठ हलव." हलवले. सात नाताळ! नावं घेत नाही, ज्यांचं त्यांना कळेल.

तुमच्याकडे पहिल्याच प्रॅक्टिसला दुसऱ्या ओळीवर आवाज फाटला. मी वही मिटली. तुम्ही मान वर केली नाहीत, बोललाही नाहीत. पेटीच्या काळी चार पट्टीवरचं बोट उचलून खालच्या काळी दोनवर ठेवलंत आणि धृपद पुन्हा धरलंत. बाकीच्या मुली कुरकुरल्या, खालचं त्यांना जड जात होतं. "आज तुम्ही सोसा थोडं," एवढंच म्हणालात.

मग घरी नेऊन महालिया जॅक्सन ऐकवलीत, अमेरिकेतली ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारी. माझ्यासारखाच खर्जाचा आवाज, पण काय आवाज! १९११ चा जन्म, न्यू ऑर्लिन्सची. शिकागोत लोकांचे कपडे धुतले, हॉटेलात खोल्या झाडल्या. पोटाला चिमटा काढून चार डॉलर भरले, गाण्याच्या मास्तरकडे गेली, तर त्यानं आधी ओरडणं बंद कर म्हणून सुनावलं. (असे मास्तर सगळीकडे सारखेच.) १९४७ च्या रेकॉर्डनं ती घरोघरी पोचली, १९५० मध्ये कार्नेगी हॉलमध्ये गायली. ब्लूज, म्हणजे तिथली संसारी दुःखाची गाणी, गायली असती तर पैसा आणखी मिळाला असता, पण देवाची गाणी सोडून ती तिकडे वळली नाही. आणि १९६३ साली वॉशिंग्टनच्या सभेत भाषण चालू असताना मार्टिन ल्यूथर किंगना "त्या स्वप्नाचं सांगा" असं ओरडून सांगणारी हीच. ओरडणं काही बंद केलं नाही बाईनं!

१९७१ मध्ये ती मुंबईत गायली तेव्हा तुम्हाला तिकीट मिळालं नव्हतं. पुढच्या खेपेला बघू म्हणून गप्प बसलात आणि जानेवारी १९७२ मध्ये ती गेली. हे सांगताना चहावरची साय बोटानं बाजूला करत होतात, कितीतरी वेळ.

तुमच्या पेटीचा भाता एका कडेनं हवा सोडतोय, मी ऐकलंय. शनिवारी दुरुस्तीवाल्याला घेऊन येते. पैशाचं बोलायचं नाही.

तुमची,
मागच्या रांगेतली