चाळ रिकामी करण्याआधी भाड्याची हमी द्या : गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. लालबाग-परळमधील उपकरप्राप्त इमारतींच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकार ज्यांच्यावर उपकर घेते अशा जुन्या भाड्याच्या इमारतींच्या, पुनर्विकासाबाबत आपल्या विभागाकडे आजवर पुष्कळ निवेदने आली असतील. जास्त चटईक्षेत्र (बांधकामाची मुभा असलेले क्षेत्र), मोठी खोली, लवकर परवानगी अशा मागण्या त्यांत असतात आणि त्या रास्तही असतात. हे पत्र मात्र एकाच गोष्टीसाठी आहे. इमारत रिकामी झाल्यापासून नव्या घराची चावी हातात पडेपर्यंत भाडेकरूला बाहेर राहण्यासाठी विकासकाने द्यायच्या घरभाड्याची हमी कोणी घ्यायची, हा तो प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरकारने द्यावे अशी माझी विनंती आहे.

मी स्वतः अशाच एका इमारतीचा भाडेकरू आहे. आमची चाळ १९४० पूर्वीची, म्हणजे उपकराच्या ‘अ’ वर्गातली. गॅलरीखाली लाकडी टेकू लागले, स्ट्रक्चरल ऑडिट झाले, सभा झाल्या, करारनामा नोंदवला गेला आणि आम्ही खोल्यांच्या चाव्या विकासकाच्या माणसाकडे दिल्या. पहिल्या वर्षाचे भाडे धनादेशाने आगाऊ मिळाले. दुसऱ्या वर्षी ते उशिरा येऊ लागले आणि नंतर बंद झाले. चाळीच्या जागी आज पत्र्याचे कुंपण आणि पायासाठी खणलेला खड्डा आहे. विकासकाचे किंवा इमारतीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका माणसाविरुद्धचे गाऱ्हाणे नाही; करी रोडपासून काळाचौकीपर्यंत कोणत्याही गल्लीत चौकशी केली तरी असा अनुभव सांगणारे घर सापडेल.

या इमारती मोडकळीस कशा आल्या, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना म्हणून घरमालकांनी हात आखडते घेतले, आणि शेवटी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी सरकारने इमारत दुरुस्ती मंडळावर सोपवली; हे मंडळ आज म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा भाग आहे. म्हणजे या घरांशी सरकारचा संबंध केवळ नकाशे मंजूर करण्यापुरता नाही, पन्नास वर्षांहून अधिक काळ सरकार या व्यवहारातला एक पक्ष आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास करायचा तर मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. भाडेकरूंच्या संमतीची अट पूर्वी ७० टक्के होती, ती आता ५१ टक्क्यांवर आली आहे. जे संमती देत नाहीत त्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली नोटीस देऊन घराबाहेर काढता येते.

माझा मुद्दा येथेच सुरू होतो. शंभरांतले एकोणपन्नास भाडेकरू नको म्हणत असतानाही चाळ रिकामी करून देण्याची ताकद कायद्याने विकासकाच्या पाठीशी उभी केली आहे. चाळ रिकामी झाल्यावर त्याच भाडेकरूंचे भाडे वेळेवर मिळवून देण्यासाठी मात्र तितक्याच वेगाने हलणारी यंत्रणा दिसत नाही. ना हरकत प्रमाणपत्रात अटी असतात, करारनाम्यात तर पानेच्या पाने असतात, पण भाडे थकले की भाडेकरूने अर्ज करायचा, मंडळाने विकासकाला पत्र पाठवायचे, त्याने मुदत मागायची आणि तोवर डोंबिवलीच्या किंवा बदलापूरच्या घरमालकाला महिन्याच्या पाच तारखेला भाडे आपल्या खिशातून द्यायचे, असा क्रम ठरून गेला आहे. खोलीचा ताबा हे भाडेकरूच्या हातातले एकमेव बळ असते आणि चावी दिल्याच्या दिवशी ते संपते.

भाडे थांबल्यावर घरात काय होते, ते थोडे सविस्तर लिहितो. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते, नाही तर घर बदलावे लागते. घर बदलायचे म्हणजे नवी अनामत, दलालाला एक महिन्याचे भाडे, नोंदणीचा खर्च, टेम्पो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, गॅसचा पत्ता आणि मुलांच्या शाळेचा नव्याने विचार. विकासक भाडे देत होता तेव्हाही हा सगळा खर्च आमचाच होता, कारण करारातली रक्कम सही झाली त्या दिवशीच्या बाजारभावाने ठरलेली होती.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू घरात जेवण करून केईएम आणि टाटा रुग्णालयांत रुग्णांसोबत राहणाऱ्या नातेवाइकांना डबे पोहोचवत. त्यांचे यजमान गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा नीट चालली नाही, तेव्हापासून या डब्यांवरच दोन मुलांची शिक्षणे झाली. डबा बाराच्या आत पोहोचायचा तर स्वयंपाकघर चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागते. काकू आता बदलापूरला राहतात आणि डबे बंद आहेत. त्यांच्या बुडालेल्या उत्पन्नाची नोंद कोणत्याही करारनाम्यात नाही. ती कोणी मागितलेलीही नाही. निदान कबूल केलेले भाडे तरी यावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. खालच्या मजल्यावरचे एक आजोबा हृदयविकाराच्या तपासणीला आजही केईएमलाच येतात, कारण त्यांचे सगळे कागद तिथले आहेत. मात्र आता त्यासाठी मुलाला दिवसभराची रजा टाकून त्यांना सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये धरून आणावे लागते. लालबागमध्ये राहणे म्हणजे या माणसांच्या दृष्टीने काम, दवाखाना, शाळा आणि अडीअडचणीला धावणारा शेजार एकाच ठिकाणी असणे होते. तीन वर्षांचे बाहेर राहणे त्यांनी मान्य केले ते परत येण्याच्या भरवशावर.

याच शहरात याहून चांगली व्यवस्था सरकारने स्वतः करून दाखवली आहे, म्हणून ही मागणी अवाजवी नाही असे मला वाटते. बीडीडी या सरकारी चाळींच्या पुनर्विकासात म्हाडा स्वतः उतरली आणि संक्रमण गाळा (तात्पुरते घर) न घेणाऱ्या रहिवाशांना दरमहा २५,००० रुपये भाडे देण्याचे ठरले. वरळीत पहिल्या टप्प्यातील रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, याचा आम्हां सर्वांना मनापासून आनंद आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश द्यावेत असे बंधन घातले. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने विक्रीच्या सदनिकांच्या ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे केले. ज्याने अजून घर पाहिलेलेही नाही त्या ग्राहकाच्या पैशाला कायद्याचे संरक्षण आहे, ते असायलाच हवे. पण ज्याच्या खोलीच्या बदल्यात विक्रीसाठीचे जादा चटईक्षेत्र निर्माण झाले, त्या भाडेकरूचे भाडे विकासकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

तेव्हा उपकरप्राप्त इमारतींसाठीही हाच नियम लावावा. किमान दोन वर्षांचे भाडे मंडळाच्या खात्यात जमा झाल्याशिवाय आणि त्या रकमेत दरवर्षीची वाढ धरल्याशिवाय एकाही कुटुंबाला खोली सोडायला सांगू नये. कलम ९५-अ ची नोटीस तर त्याआधी मुळीच निघू नये. भाडे या खात्यातून थेट भाडेकरूच्या बँक खात्यात यावे. शिल्लक सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा कमी झाली की विक्रीच्या इमारतीचे पुढचे काम थांबवण्याचा अधिकार मंडळाने वापरावा. म्हाडा कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेण्याची तरतूद कलम ९१-अ मध्ये आली आहे. थकलेले भाडे हे प्रकल्प रखडल्याचे पहिले लक्षण मानून त्या कलमाखालची चौकशी आपोआप सुरू व्हावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की एवढी रक्कम आधी अडकवली तर विकासक पुढे येणार नाहीत. ज्याला दोन वर्षांचे भाडे उभे करता येत नाही तो इमारत कशी उभी करणार, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. असा विकासक न आला तर भाडेकरू टेकूवरच्या का होईना, पण स्वतःच्या खोलीत असतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अतिधोकादायक इमारत खात्यात पैसे येईपर्यंत भरलेली ठेवायची का? ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले आणि जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारत पडली. त्यामुळे धोक्याची इमारत तत्काळ रिकामी व्हायलाच हवी याबद्दल वाद नाही. अशा वेळी भाडे मंडळाने द्यावे आणि नंतर विकासकाकडून व्याजासह वसूल करावे. पण महोदय, नोटिसा येऊनही माणसे खोली का सोडत नाहीत, याचे कारण त्यांच्या अडाणीपणात शोधू नये. पलीकडच्या चाळीतले लोक बाहेर पडले आणि त्यांचे भाडे थकले, संक्रमण शिबिरात गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या आणि मास्टर लिस्टच्या, म्हणजे कायमच्या घरासाठी पात्र भाडेकरूंच्या यादीच्या, फेऱ्या मारत राहिल्या, हे सगळे त्यांनी जवळून पाहिलेले असते. एका इमारतीचे भाडे थकले की आसपासच्या दहा इमारती जीव धोक्यात घालून तिथेच राहतात. भाड्याची हमी हा त्या अर्थाने सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, आणि मंडळाच्या दुरुस्ती विभागाला तो तसा समजला पाहिजे.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पुढची यादी निघण्यापूर्वी हमीचा शासन निर्णय निघावा, आणि त्या यादीसोबतच याआधी रिकाम्या झालेल्या प्रत्येक उपकरप्राप्त इमारतीची दुसरी यादी मंडळाच्या संकेतस्थळावर यावी, ज्यात इमारत रिकामी झाल्याची तारीख, करारातली पूर्णत्वाची मुदत आणि भाडे कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे हे लिहिलेले असेल. दुसरी यादी तयार करायला कायदा बदलावा लागत नाही. ना हरकत प्रमाणपत्रांच्या फायली मंडळाच्याच कार्यालयात आहेत आणि भाडेपावत्या आम्ही घेऊन येऊ.

आपला विश्वासू,
उपकरप्राप्त इमारतीतील एक भाडेकरू,
लालबाग, मुंबई (सध्या राहणार डोंबिवली पूर्व)