पाजताना बसून बघणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एकीच्या नावे नाही. बाळंतीण दवाखान्यातून घरी गेली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जी तिच्या दारात येते, त्या प्रत्येक आशाताईला ते आहे. आम्ही नवजात कक्षातल्या परिचारिका आणि स्तनपान समुपदेशक. सरळ बाळंतपण झालेली आई आमच्याकडे दोन-तीन दिवस असते. छाती भरून दूध येतं तेही साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास, म्हणजे ती घरी पोचते तेव्हा. खरी गडबड तिथून पुढे सुरू होते, आणि ती निस्तरायला आम्ही नसतो, तुम्ही असता.

आभार मानायचे ते मुख्यतः एका गोष्टीसाठी. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य कानावर पडलं की तुम्ही लगेच औषध, डबा किंवा सल्ला काढत नाही. ‘घे बरं बाळाला पाजायला, मी बघते,’ म्हणता आणि पाजणं संपेपर्यंत बसता.

बसल्यावर तुम्ही आधी आईची पाठ बघता. पाठीला टेका नसला की ती बाळावर वाकते, स्तन त्याच्या तोंडात कोंबते, आणि दहा मिनिटांत तिचे खांदे भरून येतात. भिंतीला टेकवून, मांडीवर घडी केलेली गोधडी देऊन, तुम्ही बाळालाच छातीपाशी आणायला लावता: पोटाला पोट, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निप्पलसमोर. हात मानेखाली, डोक्यामागे नाही. डोकं मागून दाबलं तर बाळाची हनुवटी त्याच्याच छातीवर टेकते आणि तोंड पुरेसं उघडत नाही. मग वरच्या ओठाला निप्पल लावून वाट बघायची. जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ झाला की त्याच क्षणी जवळ ओढायचं. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि निप्पलभोवतीचा काळा भाग दिसलाच तर वरच्या बाजूला जास्त. एक-दोनदा चोखून एक घोट, असा ताल ऐकू आला की दूध पोटात चाललंय. गालाला खळी पडत असेल, चुटचुट आवाज येत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर निप्पल चेमटलेलं दिसत असेल, तर ते नुसत्या निप्पलवर लोंबकळतंय. चिरा पडतात त्या यामुळेच. नुसतं मलम लावून त्या थांबत नाहीत. कडेने बोट घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं, हे तुम्ही एका बैठकीत चार-चारदा करवून घेता.

मग लंगोट मोजता. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकी लघवी होत असेल तर दूध पोचतंय. रडणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे. संध्याकाळी तास-दोन तास सारखं पिणं, दीड महिन्यानंतर छाती मऊ लागणं, पिळल्यावर फारसं न निघणं, हेही नव्हे. या चार गोष्टींनी जितक्या आयांना घाबरवलंय, तितकं खऱ्या कमी दुधाने क्वचितच घाबरवलं असेल. उलट पहिल्या महिन्यात लघवी दोन-तीनदाच होत असेल, किंवा बाळ पाजायलाही उठत नसेल, तर तुम्ही त्याच दिवशी आमच्याकडे पाठवता.

वजनाचंही तसंच. झोळी अडकवून काटा शून्यावर आणल्याशिवाय तुम्ही बाळ टांगत नाही. नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि पुढच्या भेटीत ‘वजन घटलं’ म्हणून घरभर रडारड होते. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट चालते. दोन आठवड्यांत ते परत यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ. या आकड्यांवर बोललं की सासूबाईही ऐकतात.

सासूबाईंवरून आठवलं. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा, मध चाटवायचा, सहाणेवर गुटी उगाळायची, हे सगळं आजही होतं, आणि ते थांबवताना तुम्ही कुणाचा पाणउतारा करत नाही याचं आम्हाला फार कौतुक आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचाभरच मावतं आणि चीकही तेवढाच येतो. हे चमचा दाखवून सांगितलं की आजीला पटतं. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे जंतू असू शकतात, म्हणून तो वर्षभर नाही. पहिले सहा महिने उन्हाळ्यातही वेगळं पाणी नाही, कारण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं.

डब्याच्या दुधाबद्दलही तुम्ही नीट समजावता. छातीतून जितकं दूध निघेल तितकं पुढे तयार होतं. तुंबून राहिलं की शरीर ते बनवणं कमी करतं. एक पाजणं डब्यावर गेलं की त्या वेळचं दूध छातीत तसंच राहतं, आठवड्याभरात खरंच कमी पडायला लागतं, आणि ‘बघा, म्हणत नव्हते?’ असं म्हणायला सगळे मोकळे. ज्या मोजक्या आयांना डबा घ्यावाच लागतो त्यांना मात्र तुम्ही टोचून बोलत नाही. आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट आणि माप त्या डब्यावरचं, हे दाखवता. नाहीतर डबा महिनाभर पुरावा म्हणून घरी पाणी वाढवलं जातं आणि बाळ हळूहळू खंगत जातं. आणि १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने दोन्हींवर बंदी आहे, हेही तुम्ही दुकानदाराला सुनावता.

कामावर परतणाऱ्या आईला तुम्ही हाताने दूध काढायला शिकवता: अंगठा वर, बोटं खाली, निप्पलपासून तीन-चार सेंटीमीटर मागे, आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे. घासायचं नाही. उकळलेल्या झाकणाच्या वाटीत चार तास बाहेर, फ्रीजमध्ये २४ तास. पाजायला वाटी-चमचा किंवा घरातलं जुनं बोंडलं, बाटली नको.

आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यांच्या भेटी. सहा महिने पूर्ण झाल्यावर बहुतेक घरांत वरणाचं पाणी सुरू होतं. पोट भरतं, वजन हलत नाही. तुमची कसोटी सोपी: चमचा तिरका केला की घास ओघळता कामा नये. मऊ वरणभात किंवा मुगाची खिचडी बोटांनी कुस्करून, वर चमचाभर तूप. सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत दर वेळी अर्धी वाटी, म्हणजे २५० मिलिलीटरच्या वाटीची अर्धी, आणि नवव्यापासून तीन-चार वेळा. नाचणीचं गाळलेलं सत्त्व सगळ्यांना आवडतं, पण गाळताना चोथ्याबरोबर बरंच सत्त्वच जातं. तुम्ही मोड आणून, वाळवून, दळलेलं पीठ सांगता ते योग्य. त्यातलं चिमूटभर घट्ट खिरीत घातलं तर पाणी न वाढवता खीर सैल होते. शिजवलेलं अंडं, घरात चालत असेल तर मटणाचा खिमा, कारण सहा महिन्यांनंतर जन्मतः साठवलेलं लोह संपत येतं. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर, आणि त्याने शी काळी होते हे आधीच सांगून ठेवता, नाहीतर बाटली खिडकीत धूळ खात पडते. वर्षापर्यंत वेगळं मीठ-साखर नाही, चहा-बिस्कीट तर नाहीच.

घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची ही पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. २०११ मध्ये केंद्राने ती देशभर नेली, तेव्हा सगळ्या भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये ठरला. तो ठरला तेव्हाही तुटपुंजाच होता.

मनापासून आभार.

तुमच्या,
नवजात कक्षातल्या परिचारिका आणि स्तनपान समुपदेशक

ता. क. आत वळलेलं निप्पल बाहेर ओढायला सिरींजचं सुईकडचं टोक कापता, तेव्हा कापलेल्या टोकातून दट्ट्या घालायचा आणि कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड छातीला लावायची. उलटं झालं तर ओरखडे पडतात. दट्ट्या हळूच ओढायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा, आणि दुखलं तर लगेच सोडायचा.