शाळेपासून पल्याडच्या वाडीपर्यंत रस्त्याचे ८०० मीटर राहिलेत, पावसाआधी पुरे करायला मदत हवीय

नमस्कार मंडळी, बेटावर राहणाऱ्या आणि बेटाबाहेर गेलेल्या आपल्या सगळ्यांसाठी रस्ता समितीकडून हे आवाहन आहे. थोडं लांब झालंय पण पूर्ण वाचा, कारण पैसे सोडून पण बरंच काही मागायचंय आणि त्यातलं काही ना काही प्रत्येक घराला जमेल असं आहे.

आधी काम कुठवर आलंय ते सांगतो. जेटीपासून शाळेपर्यंतचा टप्पा पूर्ण झालाय, त्यावरून ट्रॅक्टर आणि तीनचाकी आता नीट जातायत. शाळेच्या पुढे पल्याडच्या वाडीपर्यंत ८०० मीटर बाकी आहेत. तिथली खोदाई झाली, दगड-मुरुमाचा थर पडला, पाणी मारून रोलर पण फिरला, आणि हा माल बेटावरचाच असल्यामुळे ते भागलं. वरचं काँक्रीट मात्र राहिलंय आणि मंजूर झालेला निधी इथपर्यंत येऊन संपलाय.

निधी संपला कसा हे बरेच जण विचारतायत आणि विचारायलाच पाहिजे. अंदाजपत्रकात खडी, सिमेंट, मजुरी सगळं धरलं होतं पण समुद्रावरची वाहतूक कमी धरली गेली. समुद्रापलीकडच्या रस्त्याला खाणीतून निघालेला डंपर थेट कामावर येऊन रिकामा होतो. आपल्याकडे तीच खडी डंपरने पलीकडच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये म्हणजे मालवाहू होडीत, बार्जमधून आपल्या जेटीवर, जेटीवरून ट्रॅक्टरमध्ये आणि मग कुठे साइटवर, आणि प्रत्येक चढ-उताराला मजुरी वेगळी, बार्जचं भाडं वेगळं, भरती चुकली तर खोळंबा वेगळा. वाढीव निधीचा प्रस्ताव पाठवलाय, त्याच्या मागे आम्ही आहोतच, पण तो पावसाआधी हातात पडेल असं धरून गप्प बसणं परवडणार नाही. उघडा मुरूम एक पावसाळा तसाच राहिला तर जे झालंय ते पण वाहून जाईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा खालपासून सुरुवात करावी लागेल.

आता हिशोब. रस्ता ३ मीटर रुंद आणि काँक्रीटची जाडी १५० मिलीमीटर, म्हणजे एक मीटर लांबीला ०.४५ घनमीटर काँक्रीट लागतं. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण २.४ टन भरतं, म्हणजे रस्त्याचा एक मीटर जवळपास एक टनाचा झाला, त्यात सिमेंटच्या ३ गोणींहून थोडं जास्त आणि ७० लिटर गोडं पाणी. सगळ्या ८०० मीटरला सुमारे अडीच हजार गोणी सिमेंट होतं आणि पाणी सोडून जवळपास ८०० टन माल समुद्र ओलांडून आणावा लागतो. हे आकडे मुद्दाम दिलेत कारण आम्ही वर्गणी रुपयात न मागता मीटरमध्ये मागायचं ठरवलंय. एका घराने एक मीटर घ्यावा, ज्याला जमेल त्याने जास्त घ्यावेत, दोन-तीन घरं मिळून एक घेतला तरी चालेल, आणि नाहीच जमलं तर एका गोणीचे पैसे द्या. एका मीटरचा सगळा खर्च बार्जच्या भाड्यासकट किती येतो तो तक्ता जेटीवरच्या फलकावर लावलाय, तिथेच समितीच्या खात्याचा तपशील आहे.

डांबर का नाही, स्वस्त पडलं असतं, असं काहींचं म्हणणं आहे त्यावर थोडं बोलतो. डांबराचा माल प्लांटमधून गरम निघतो आणि गरम असतानाच अंथरून रोलर मारावा लागतो, बार्जवरून येईपर्यंत तो थंड पडला की फेकायच्या लायकीचा. बेटावर प्लांट उभा करायचा तर आठशे मीटरसाठी तो खर्च कोण करणार. शिवाय वाडीच्या अलीकडचा सखल भाग उधाणाच्या भरतीला ओला होतो आणि साचलेलं पाणी डांबराला खडीपासून सोडवतं, पहिल्याच पावसाळ्यात खड्डे. काँक्रीटचं सिमेंट कोरडं गोणीत येतं, मिक्सर इथेच लावता येतो. तयार काँक्रीट पलीकडून मागवायचा पण विचार झाला होता, पण सिमेंटमध्ये पाणी पडल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ते ओतलं गेलं पाहिजे आणि आपल्या जेटीला भरतीशिवाय बार्ज लागत नाही, त्यामुळे तो विषय बंद केला.

आणि वाळूचं. आपल्याच किनाऱ्यावर एवढी वाळू आहे ती का नाही वापरत हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्या वाळूत मीठ असतं आणि मीठ काँक्रीटमधल्या सळईला गंज चढवतं, सळई फुगते, काँक्रीट आतून फुटतं. रस्त्याच्या स्लॅबमध्ये सळई नाही हे खरं, पण पाणी जायला रस्त्याखाली जी मोरी होणार तिच्यात आहे, आणि एकदा किनाऱ्यावरून ट्रॉली भरायला लागलो की कुठली ट्रॉली कुठे गेली हे कोणी बघत बसत नाही. दुसरं म्हणजे तो किनारा आहे म्हणून लाटा तिथेच थांबतात, तोच उपसला तर वाडी वाचवायला भिंत बांधत बसावं लागेल. म्हणून क्रश सँड म्हणजे दगड भरडून केलेली वाळू बाहेरूनच येणार, महाग पडली तरी.

सगळ्यात अवघड मागणी आता करतोय, ती पाण्याची आहे. मिक्सरला ५५-६० हजार लिटर पाणी लागेल आणि क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, त्याहून कितीतरी जास्त. समुद्राच्या पाण्याने का नाही कालवत असं कोणी म्हणेल, तर काँक्रीटच्या भारतीय मानकात म्हणजे आयएस ४५६ मध्ये खाऱ्या पाण्याने कालवायची किंवा क्युरिंग करायची शिफारस नाही, अगदीच नाइलाज असला तर सळई नसलेल्या काँक्रीटला मुभा दिलीय. आपला नाइलाज नाही, आपल्याकडे विहिरी आहेत. पण एकाच विहिरीला पंप लावून सगळं पाणी उपसलं तर ती विहीर खारी होईल, हे जुनी माणसं सांगतातच आणि ते बरोबर आहे. बेटाच्या पोटातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं असा ढोबळ नियम आहे, आणि याचा उलटा अर्थ असा की वरची पातळी थोडीशी जरी खाली गेली तरी खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर यायला बघतं. उन्हाळ्यात आधीच पातळी खाली असते. म्हणून समितीने ठरवलंय की कुठल्याही एका विहिरीवर भार टाकायचा नाही, जेवढ्या विहिरी मिळतील तेवढ्यांतून आळीपाळीने थोडं थोडं पाणी काढायचं, ते सकाळी लवकर, आणि मध्ये एक दिवस आड विहिरीला विश्रांती. विहीरमालकांनी कृपया आपलं नाव द्या. ज्यांच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं त्यांनी मन मोठं करून सुद्धा देऊ नका, त्या विहिरी आम्ही घेणार नाही. ज्यांच्याकडे टाक्या किंवा ड्रम पडून आहेत त्यांनी ते महिनाभरासाठी दिले तर खूप सोय होईल.

क्युरिंगसाठी अजून एक साधी गोष्ट हवीय, जुनी गोणपाटं. ओली गोणपाटं पसरून ठेवली की पाणी उडून जात नाही, तेच पाणी जास्त वेळ पुरतं. फाटकी असली तरी चालतील, फक्त मिठाची किंवा खताची नकोत. मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल टिकली पाहिजे, आपण १४ दिवस धरलेत कारण इथला वारा ऊन नसलं तरी सुकवतो. यात कंजुषी केली तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि दोन वर्षांत धूळ उडायला लागते, मग तुम्ही दिलेला मीटर पण वाया.

माणसं हवीत ती बार्ज उतरवायला. जेटीसमोर गाळ साचलाय त्यामुळे भरलेली बार्ज फक्त मोठ्या भरतीला लागते, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, आणि भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज दुपारी बारा तर चार दिवसांनी दुपारी तीनच्या पुढे, आणि तशीच दुसरी भरती मध्यरात्रीनंतर पण. ओहोटी लागायच्या आत बार्ज रिकामी नाही झाली तर ती तिथेच बसते आणि भाडं मात्र चालू राहतं. त्यामुळे मिळेल तेवढ्या वेळात माल उतरलाच पाहिजे, रात्र असो की पहाट. तरुण मंडळींनी दोन गट करून नावं द्यावीत, एक रात्रीचा एक दिवसाचा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी उचलायला येऊ नका, नोंदी ठेवायला, बॅटरी धरायला, चहापाण्याला या, तेवढीच गरज आहे त्याची.

सिमेंट ठेवायला कोरडी जागा पण लागणार आहे. खाऱ्या दमट हवेत गोणी महिन्या-दोन महिन्यांत कडेने घट्ट व्हायला लागते आणि तीन महिने जुनं सिमेंट आपली बरीच ताकद घालवून बसतं, म्हणून आम्ही सगळं एकदम न आणता लागेल तसं आणणार आहोत. तरी एका वेळच्या गोण्या जमिनीपासून वर फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब ठेवायला छप्पर हवंच. कोणाचा गोठा, पडवी, बंद असलेलं घर, काही चालेल, बेटाबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या बंद घराची चावी शेजाऱ्यांकडे दिली तरी मोठं काम होईल.

जमिनीबद्दल. सखल भागात मोरी टाकायचीय तिथे दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा लागतेय. मोरी लहान ठेवून भागवा असं सुचवलं गेलं पण ते आम्हाला मान्य नाही. भरतीचं पाणी आत येऊन परत बाहेर गेलं पाहिजे, ते रस्त्याने अडवलं तर एका अंगाची कांदळं मरतील आणि दुसऱ्या अंगाच्या शेतात खारं पाणी तुंबून राहील, रस्ता होईल पण शेत जाईल. ज्यांची जागा त्यात येते त्यांच्याशी आम्ही घरी येऊन बोलणारच आहोत, कुठलीही सही घाईत घेणार नाही, मोजणी तुमच्यासमोर होईल.

स्कॉटलंडमध्ये रासे नावाचं बेट आहे, तिथली गोष्ट इथे सांगाविशी वाटते. बेटाच्या उत्तर टोकाच्या लोकांनी कित्येक वर्षं रस्ता मागितला आणि मिळाला नाही. शेवटी कॅलम मॅक्लाउड नावाच्या माणसाने १९६४ च्या सुमारास फावडं, कुदळ आणि हातगाडी घेऊन एकट्याने सुरुवात केली आणि साधारण दहा वर्षांत पावणेदोन मैल म्हणजे २.८ किलोमीटर रस्ता काढला. १९८२ साली तिथल्या प्रशासनाने तो रस्ता ताब्यात घेऊन त्यावर डांबर टाकलं. लोक ही गोष्ट त्याच्या जिद्दीसाठी सांगतात आणि जिद्द होतीच. पण आमच्या मनाला त्यातली दुसरी बाजू जास्त लागते, रस्ता पुरा होईपर्यंत त्याच्या वाडीत तो आणि त्याची बायको एवढीच राहिली होती, बाकी सगळे सोडून गेले होते. पल्याडच्या वाडीतली घरं एकेक करून बंद होताना आपण बघतोय. पेशंटला खुर्चीत बसवून जेटीपर्यंत आणावं लागतं, गरोदर बायका शेवटचे दोन महिने दुसरीकडे जाऊन राहतात, पावसात मुलांची शाळा बुडते. वाडीत माणसं आहेत तोवर रस्ता व्हायला पाहिजे, नंतर होऊन काय उपयोग.

पैशाच्या व्यवहाराबद्दल स्पष्ट लिहितो. पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका, समितीचा माणूस असला तरी. आलेली रक्कम, आलेला माल, बार्जच्या खेपा आणि वापरलेल्या गोण्या यांचा हिशोब दर पंधरा दिवसांनी फलकावर लागेल आणि बैठकीत वाचून दाखवला जाईल, कोणीही वही मागून बघू शकतो. वाढीव निधी नंतर मिळाला तर तो मोरीच्या पुढच्या गटाराला आणि साइडपट्टीला वापरायचा की वर्गणी परत करायची हे सगळ्यांच्या बैठकीतच ठरेल, समिती परस्पर ठरवणार नाही. कामावर देखरेखीला वाडीतले दोन आणि शाळेकडचे दोन असे चार जण रोज राहतील, प्रत्येक दिवसाच्या काँक्रीटचे क्यूब म्हणजे नमुन्याचे ठोकळे भरून ठेवले जातील आणि २८ दिवसांनी तपासायला पलीकडे पाठवले जातील, रिपोर्ट पण फलकावर.

आणि एक विनंती जिला काही खर्च नाही. नवीन काँक्रीटवर सुरुवातीचे दिवस चालू नका आणि २८ दिवस ट्रॅक्टर घालू नका, अडचण होईल हे माहितीय, शेजारून पायवाट काढून देतोय. गुरं रात्री बांधून ठेवा.

पहिली बार्ज येत्या पौर्णिमेच्या भरतीला लावायचा विचार आहे. त्याच्या आठ दिवस आधी खाणीला ऑर्डर द्यावी लागते, म्हणून कोण किती मीटर घेणार, कुठली विहीर, कुठलं छप्पर, कोण कुठल्या गटात, हे तोपर्यंत कळवा. शाळेत रोज संध्याकाळी समितीचं कोणीतरी वही घेऊन बसलेलं असेल, बाहेरच्यांनी आपल्या घरच्या माणसाकडून नाव लिहवून घ्या. वहीत जेवढे मीटर भरतील तेवढ्याच खडीची ऑर्डर जाईल.

रस्ता समिती