३०३ च्या रंगात ३०४ : केंद्रीय पोलाद मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगतो. परवा माझ्या वर्कशॉपमधल्या पोराच्या तळहाताला सात टाके पडले. भोसरी एमआयडीसीत माझ्या दोन सीएनसी लेथ आहेत, व्हॉल्व्हचे स्पिंडल आणि नॉझल करून देतो. स्टेनलेस स्टीलचा बार ३०३ ग्रेडचा मागवला होता. टोकाला ग्रेड ओळखायचा पिवळा रंग, सोबत टीसीची (मिलच्या तपासणी दाखल्याची) झेरॉक्स, तिच्यावर सल्फर ०.१८ टक्के. कागद एकदम झकास.

जॉब लावला आणि पहिल्याच कटला चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, तुटेना. ३०३ ची चिप कण्यांसारखी झडते. ही तारेसारखी लांबच लांब निघाली आणि चकभोवती (बार धरून फिरवणाऱ्या भागाभोवती) गुंडाळत गेली. पोरगं ती काढायला गेलं. मशीन पूर्ण थांबली होती की नाही, यावर आमच्यात वाद आहे, तो आमचा आम्ही मिटवू.

तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूच्या रासायनिक तपासणीला, पाठवला. सल्फर ०.०१२. म्हणजे सरळसरळ ३०४, दुसराच ग्रेड.

फायलीत कुणी लिहून ठेवलं नसेल तर सांगतो : ३०४ मध्ये सल्फर जास्तीत जास्त ०.०३०, ३०३ मध्ये कमीत कमी ०.१५. तिथे जो मळ, तोच इथे मुद्दाम घातलेला मसाला. मँगेनीजशी जुळून त्याचे बारीक धागे होतात, चिप तिथेच मोडते. बदल्यात गंजाला माल थोडा कच्चा आणि वेल्डिंगला तर नकोच. हीच अदलाबदल उलटी झाली, तर वेल्डरचा जोड तडकतो. डोळ्यांना दोन्ही बार सारखे, चुंबकालाही जवळजवळ सारखेच. तरी व्यापाऱ्याचा माणूस चुंबक लावतो आणि म्हणतो, "बघा शेठ, ओरिजिनल!"

एका शिफ्टमध्ये अकरा इन्सर्ट (लेथची कापणारी पाती) गेले. डिलिव्हरी चुकली, वर गिऱ्हाइकाची पैसे कापणारी डेबिट नोट. माझ्या मते दीड लाखाचा फटका, बायको म्हणते अडीच, आणि तिचा हिशोब सहसा चुकत नाही. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "गोडाऊनमध्ये मिक्स झालं असेल." टाके कुठे मिक्स झाले, ते त्याने सांगितलं नाही.

स्टेनलेस बारचं मानक आयएस ६६०३ आहे, आयएसआयचा शिक्का आहे, मानकाची सक्ती करणारी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आहे. पण हे सगळं मिलच्या गेटपर्यंत. मी दोन-चार बार घेणारा माणूस, मिलचा बांधलेला बंडल माझ्या दारात कधी येत नाही. गोडाऊनमध्ये करवत फिरली की खूण एका तुकड्यावर राहते आणि बाकीचे अनाथ. आपल्या खात्याने १३ जून २०२५ ला, शुक्रवारी, हुकूम काढला की आयात पोलादाच्या कच्च्या मालालाही बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक लागेल. लागू कधीपासून? सोमवार, १६ जून. शनिवार-रविवारात परदेशच्या गिरण्यांना वळण लावता येतं, मग गोडाऊनमधल्या करवतीला का नाही?

गेल्या वर्षी एका मेळाव्यात एका साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "लहान उद्योजकासाठी तपासणीची सोय करू." चहा चांगला होता. भोसरीत दहातले चार बार तरी असेच येत असतील. मोजलेत कुणी? मी तर नाही, माझा अंदाज आहे. आणि पैशांचं काय विचारता? लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, हा कायदा २००६ चा. माझं एक बिल ११० व्या दिवशीही 'प्रोसेसमध्ये' आहे. जीएसटी मात्र मी मुदतीत भरला, एक दिवस उशीर झाला असता तर व्याज लागलं असतं. कायदा वरून खाली येताना वाटेत कुठे गळतो, कुणास ठाऊक.

मागणी एकच. कापून विकलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (मिलमधल्या कुठल्या वितळणीचा माल, तो क्रमांक) पंच करणं व्यापाऱ्याला सक्तीचं करा, आणि टीसीची झेरॉक्स खोटी निघाली तर भरपाई त्याच्याकडून.

पत्रासोबत त्याच बारचा दोन इंच तुकडा पाठवतोय. पिवळा रंग तसाच ठेवलाय. कड घासलेली नाही, उघडताना हात जपा.

आपला,
एक टर्नर, भोसरी